दर मिनिटाला सहा

शनिवारी सकाळी सव्वानऊला मितेश सरांचा फोन आला.

"दर्शना, डिस्क कुठे आहे?"

"कुठली डिस्क, सर?"

"नाटक करू नकोस. बॅकअपची. मी ऑफिसात उभा आहे. कॉम्प्युटर पुसून टाकलाय, डिस्क जागेवर नाही. काल दुपारी दोन चाळीसला लॉगिन झालंय, मेल आलाय मला. तुझ्या नावाने."

कंपनी आठ माणसांची. ठाण्यात वागळे इस्टेटला दोन खोल्या, त्यात एक कॉम्प्युटर, बाहेर कुलूप. माणसं आपापल्या घरी. दर्शना मोहन्याला, टीम लीड कमलेश डोंबिवलीला. रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवायचं. कोणी काय लिहिलं याची नोंद त्या एका कॉम्प्युटरवर, आणि नोंदीची नक्कल त्या एका डिस्कवर.

गुरुवारी दर्शनाने तक्रार केली होती. सॉफ्टवेअरचे एकेचाळीस भाग तिने लिहिले होते आणि कमलेश आठ महिने ते स्वतःचे म्हणून ग्राहकाला दाखवत होता. घरी बसून राबणाऱ्याचं तोंड ग्राहकाला कुठे दिसतं? दिसतो तो लीड. सर म्हणाले होते, शनिवारी नोंदी उघडून बघतो.

आता उघडायला नोंदीच नव्हत्या.

अकराला सगळ्यांची मीटिंग लागली. कॅमेरे चालू ठेवायचा हुकूम.

"चाव्या तीन," सर म्हणाले. "एक माझी. मी काल दिवसभर नाशिकला लग्नात. एक कमलेशची, एक तुझी. कुलूप तोडलेलं नाही. दुपारी कुठे होतीस?"

"घरी. मोहन्यात एक ते चार लाईट बंद होती, दुरुस्तीसाठी. नेट नव्हतं. मी आदल्या दिवशीच कळवलेलं."

"कोणाला?"

"कमलेशला. लीडलाच कळवायचं ना?"

"घरात अजून कोण होतं?"

"कोणी नाही. आई-बाबा कामावर."

"आणि पासवर्ड?"

"माझा मला माहीत. आणि लीडच्या शीटमध्ये सगळ्यांचेच आहेत."

कमलेश खुर्चीत मागे रेलला. "दर्शना, होते गं चूक माणसाकडून. खोटी तक्रार केलीस, मग घाबरलीस. डिस्क देऊन टाक, विषय संपला."

"तू कुठे होतास रे?"

"मी? माझी 'हजेरी' बघ की."

'हजेरी' म्हणजे सरांनी प्रत्येकाच्या लॅपटॉपवर बसवलेला पहारेकरी. माऊस किती वेळा हलला, किती बटणं दाबली, मिनिटामिनिटाला मोजायचा. सरांनी शुक्रवारचा तक्ता सगळ्यांना पाठवला. पुरावा म्हणून.

"सोमवारी दहापर्यंत डिस्क आली नाही, तर पोलिसांत तुझं नाव देतो," ते म्हणाले. "मग तुला या लाइनीत कोण उभं करतंय ते बघू."

बाकीचे पाच जण स्क्रीनवरून तिच्याकडे नुसते बघत होते. त्या पाचही चेहऱ्यांची तिने मनात नोंद करून ठेवली.

ती रडली नाही. तक्ता उघडून बसली. टेस्टिंग करत करत वर आलेली पोरगी ती. दुसऱ्याची चूक शोधणं हाच धंदा.

तिच्या रकान्यात एक ते चार शून्यच शून्य. कमलेशच्या रकान्यात सकाळपासून दर मिनिटाला माऊसच्या सहा हालचाली. बटणं शून्य. एक बावीस ते एक सत्तावन्न काहीच नाही. मग पुन्हा सहा, सहा, सहा. दोन चाळीसला ठाण्यात डिस्क चोरीला जात होती तेव्हाही डोंबिवलीत माऊस हलत होता. चारनंतर मात्र आकडे वेडेवाकडे. चाळीस, तीन, एकोणीस. आणि टायपिंग.

तिने कमलेशला फोन लावला.

"दिवसभर एकही बटण दाबलं नाहीस?"

"कोड वाचत होतो. वाचायला बटणं लागतात?"

"एक बावीसला?"

"जेवत होतो. आता जेवूपण नको का? ठेव फोन."

रविवारी ती डोंबिवलीला गेली. रविवारी कमलेश क्रिकेटच्या मैदानावर असतो, हे अख्ख्या कंपनीला ठाऊक. दुमजली घर. वरची खोली त्याची, तिला बाहेरून वेगळा जिना. अंगणात त्याची आई ठमाबाई वाल सोलत बसली होती. जानेवारीचं कोवळं ऊन. खांद्यावर शाल.

"कमलेशसोबत काम करते, काकी. ऑफिसचा हेडफोन परत द्यायचा होता."

"बस गं बाय. बघ कशी थंडी हाय. आनि ह्यो वर पंखा लावून बसतो!"

"थंडीत पंखा?"

"शुक्रवारी दिसभर घरघर, घरघर. दार लावलेला. म्हनतो, काम चालू हाय, ठोकू नको. टेबलावरचा पंखा, मान हलवनारा. त्याला सुतळी कशाला बांधलीय देवालाच ठाऊक. सोडाया गेले तं वरडला माझ्यावर."

दर्शना वाल सोलू लागली.

"शुक्रवारी लाईट गेली होती का हो तुमच्याकडे?"

"गेल्ती ना. दीडच्या आत गेली. अर्धा-पाऊन तास. इन्व्हर्टर खालच्यापुरताच हाय. वर त्याच्या नेटच्या डबीला बॅटरी हाय, बाकी काय नाय. पंखा बंद झाला तशी मी वर गेले, जेवाया हाक मारली. आवाजच नाय. म्हनलं, झोपला आसल. मंग लाईट आली, पंखा चालू झाला. म्हनलं, उठला."

"जेवला कधी?"

"चार वाजता. थंडगार भाकरी खाल्लीन बिचाऱ्याने."

ठमाबाईंनी तिलाही भाकरी वाढली. दर्शनाने खाल्ली. या बाईचं नाव आपल्या तोंडून निघणार नाही, एवढं तिने स्वतःशी ठरवलं. मुलाला सोडायचं असं काही ठरवलं नाही.

सोमवारी दहाला आठही चेहरे स्क्रीनवर आले.

"डिस्क?" सर म्हणाले.

"कमलेशकडे."

"काय बोलतेस तू?" कमलेश हसला. "मी घरी होतो. माऊस हलत होता."

"माऊस घरी होता. तू नव्हतास." तिने तक्ता सगळ्यांसमोर टाकला. "सर, माणूस माऊस कसा हलवतो? कधी पन्नासदा, कधी दोनदा, कधी नुसता बघत बसतो. चारनंतरचे आकडे तसे आहेत. त्याआधी मात्र मिनिटाला सहा. नेमके सहा. तासन्‌तास. दहा सेकंदांना एकदा मान फिरवतो तो टेबलफॅन. त्याला सुतळी, सुतळीला माऊस."

कोणीतरी खोकलं.

"एक बावीसला याच्याकडची लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू, नेट बॅटरीवर चालू. मग हलायचं थांबलं काय? फक्त माऊस. एक सत्तावन्नला लाईट आली, त्याच मिनिटाला पुन्हा सहा. जेवण काय लाइटीच्या तालावर संपतं? पंख्याचं बटण चालूच होतं, पंखा आपोआप फिरायला लागला. हा तेव्हा ठाण्याच्या वाटेवर होता. चावी याच्याकडे, माझा पासवर्ड याच्याकडे. आणि मोहन्यात एक ते चार लाईट नसणार, हे फक्त यालाच माहीत."

"कोणी सांगितलं तुला हे?" कमलेशचा आवाज चिरकला. "आईने?"

"तुझ्या पंख्याने सांगितलं. मागे दिसतोय बघ. लाव ना, सगळ्यांना बघू दे."

त्याने झटकन कॅमेऱ्यावर हात ठेवला.

"हात काढ, कमलेश," सर म्हणाले. "मी आत्ता निघतोय तुझ्या घरी. पोलिसांना घेऊनच येतो."

"पोलीस नको, सर! डिस्क नीट आहे. काही पुसलं नाही त्यातलं. आणून देतो."

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते.

सरांनी घसा साफ केला. "दर्शना, सॉरी. गैरसमज झाला. आपण हे शांतपणे, आपापसात..."

"शनिवारी आपापसात नव्हतं, सर. सगळ्यांसमोर होतं. आज पण सगळ्यांसमोरच. ग्राहकाला मी दहा वाजताच मीटिंगची लिंक पाठवलीय. ते आलेत, बाहेर थांबलेत. घ्या आत."

सरांनी त्यांना आत घेतलं.

दर्शनाने स्क्रीनवर यादी लावली. सॉफ्टवेअरचे एकेचाळीस भाग, एकाखाली एक.

"वाच, कमलेश. भागाचं नाव, आणि पुढे कोणी लिहिलं ते. मोठ्याने."

"पेशंट नोंदणी. दर्शनाने लिहिलं." त्याने पुढची ओळ घेतली. "औषधसाठा. दर्शनाने लिहिलं. डिस्चार्ज..."

कमलेशच्या खोलीत खालून ठमाबाईंची हाक ऐकू आली, चहा घेऊन जा म्हणून. दर्शनाने डोळे मिटले. उघडले.

"पुढचं," ती म्हणाली. "अजून एकोणचाळीस आहेत."