ओरिन थेअरचं शेवटचं वाक्य

त्या दुपारी मी टोलीडोच्या थिएटरात पोचले तेव्हा तालीम सुरू झाली होती. मी प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचं आणि अडलेल्याला शब्द द्यायचा, एवढंच माझं काम. नाटक ओरिन थेअरचं. अठरा वर्षं नोकर आणि हवालदार रंगवून कंटाळलेला हा नट आता नाटककार झाला होता. दुसऱ्या दिवशी पहिला प्रयोग. तो पडला असता तर पुन्हा कुणाच्या तरी मागे तबक धरून उभं राहणं त्याच्या नशिबी होतं.

खरं तर ते नाटक त्याने आणि आमच्याच कंपनीतल्या अमोस प्रुइटने मिळून लिहिलं होतं, दौऱ्यावरच्या आगगाड्यांमधून. मी समोर बसून शेंगा खात ऐकलं होतं. जानेवारीत अमोस छातीच्या दुखण्याने गेला आणि पोस्टरवर एकच नाव आलं. मीही गप्प बसले. नोकरी कुणाला नको असते?

नाटकाचं शेवटचं वाक्य पहिल्या प्रयोगाआधी कुणी उच्चारायचं नाही, हा आमच्यातला कडक रिवाज. उच्चारलं की नाटक बुडतं म्हणतात. नायिका त्या वाक्यापाशी आली आणि थांबली. मी वही मिटली.

तेवढ्यात वरच्या अंधाऱ्या बाल्कनीतून ते वाक्य आलं. सावकाश, घोगऱ्या आवाजात, मधे एकदा खोकून.

ओरिन आणि मी वर गेलो. खुर्च्यांवर धूळ तशीच होती. वास मात्र कापराच्या मलमाचा येत होता. अमोस छातीला तेच चोळायचा. 

"लुएला," ओरिन कुजबुजला, "तू ऐकलंस...?"

"बहिरी नाही मी. उद्या दोघांची नावं सांग, बाबा."

"मेलेल्याला नाव काय करायचंय...? मला अजून जगायचंय."

रिवाज मोडूनही दुसऱ्या दिवशी प्रयोग रंगला. पडदा पडताच लोक लेखकाला बोलवा म्हणून ओरडू लागले. ओरिन पुढे गेला, माझ्यापासून चार हातांवर उभा राहिला.

"मंडळी, हे नाटक आम्हा दोघांचं आहे..." घोगरा आवाज आला, मग खोकला. "उशिरा सांगतोय, माफ करा."

लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. मी ओरिनकडे पाहत होते. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग तो एक पाऊल डावीकडे सरकला, कुणाला तरी जागा करून द्यावी तसा, आणि प्रेक्षकांसमोर वाकला. त्याच वेळी त्याच्या उजवीकडची रिकामी फळी करकरली.