दोन हौद

डॉ. वसुधा इंगवले यांनी सूडासाठी रविवार निवडला, कारण मिरजेच्या वेदना-संशोधन केंद्राचे संचालक रविवारी फिरकत नसत. येताना त्यांनी तांबड्या रश्श्याचा डबाही आणला होता.

टेबलावर वेदनावाहिनीचे, म्हणजे एकाची वेदना दुसऱ्याच्या अंगात सोडणाऱ्या यंत्राचे, दोन पट्टे होते. एक नवऱ्याचा. प्रल्हादच्या आतड्याला क्रोन्सच्या आजारानं कधीपासून पोखरलं होतं. दुसरा पट्टा थोरल्या दिरांचा, रंगरावांचा.

रंगराव म्हणजे पंगतीचे सम्राट. स्वतः कधी पानावर बसायचे नाहीत, पण आग्रहानं वाढण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पुतणीच्या बारशाला "माझ्या गळ्याची शपथ" म्हणत त्यांनी प्रल्हादच्या वाटीत रस्सा ओतला आणि प्रल्हाद थेट इस्पितळात पोचला. तिथं भेटायला येऊन रंगराव म्हणतात, "पोट कुणाचं दुखत नाही? मनाचे खेळ सगळे. आपल्या घराण्यात असलं काही नाही!"

ते वाक्य वसुधानं जपून ठेवलं होतं.

"काका, नीट ऐका," सहकारी डॉ. कुलसुम मुजावर रंगरावांना पट्टा बांधत म्हणाल्या. "वेदनेची नक्कल निघत नाही, ती वाहते. दोन हौद नळीनं जोडले की भरलेल्यातलं पाणी रित्यात येतं, पातळी सारखी होईपर्यंत. तसंच हे. चालेल ना?"

"अहो, सगळं द्या! पचवून ढेकर देतो."

"ढेकर द्यायला रस्सा आणलाय, भाऊजी," वसुधा गोड हसली. "आज आग्रह माझा."

तिनं कळ दाबली.

यंत्राचा काटा हलला. प्रल्हादनं दोन्ही हातांनी पोट धरलं आणि तो खाटेवर दुमडला.

"उलटं जोडलंस का गं?" वसुधा ओरडली.

"उलटसुलट काही नसतं त्यात," कुलसुम काट्याकडे बघत हळूच म्हणाल्या. "भरलेल्याकडून रित्याकडे. बस."

दोघींनी रंगरावांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावरची आठी, जी घरातले सगळे मोठेपणाची खूण समजत, ती चक्क उलगडली होती.

"वसुधा," ते चाचरत म्हणाले, "पोट... एवढं गप्प असतं? लोकांचं रोज असं असतं?"

वसुधाला एकाएकी सगळ्या पंगती आठवल्या. वाढणाऱ्याला कुणी विचारत नाही, तुम्ही जेवलात का.

तिचा हात कळीकडे गेला.

"थांब," घामानं निथळणारा प्रल्हाद म्हणाला. "राहू दे थोडं. तपासणीची वेळ घे त्याची. आणि तो डबा आधी बंद कर. आता त्यानं खाल्लं तर मलाही भोवेल."

वसुधानं निमूट झाकण लावलं. एवढा मुरवलेला सूड वाया गेला म्हणून तिला हळहळ वाटली.

तशी हळहळ वाटायचं कारण नव्हतं. प्रल्हादनं दात आवळून, मोठ्या प्रेमानं भावाच्या पाठीवर हात ठेवला.

"मनाचे खेळ रे, दादा. आपल्या घराण्यात असलं काही नाही."