राखेचे काडतूस

बार उडाला, धूर गवतावरून सरकत ओसरला, तरी दुर्बिणीला डोळा लावून बसलेला रूबेन काही बोलला नाही. शिशाची जड गोळी इतक्या लांब पोहोचायला वेळ घेते. आणि निशाण म्हणून उभ्या केलेल्या लोखंडी गव्यावर तिचा टोला पडलाच, तर तो परत ऐकू यायला आणखी थोडा. लाइलने तेवढी वाट पाहिली. मग त्याहून जास्त पाहिली. समोरच्या घळीत फक्त वारा होता.

"बोल ना," तो म्हणाला.

"काय बोलू? धूळ उडाली. गव्याच्या डावीकडे, चांगली हातभर." रूबेनने डोळा काढला नाही. "मघाची उजवीकडे. म्हाताऱ्या, तू त्या गव्याला नुसता वारा घालतोयस."

लाइल हसला नाही. रायफल टॉर्गरची होती. अष्टकोनी नळीची, एका वेळी एकच काडतूस घेणारी, खांद्याला लावली की माणसासारखी जड. टॉर्गरने आयुष्यभर तिच्यातून तो गवा घंटेसारखा वाजवला. पण तिला कोणती काळी दारू लागते, किती, आणि किती दाबून, हे त्याने जिवलग मित्राला, लाइललाही सांगितले नाही. हिवाळ्यात तो गेला, तेव्हा ते त्याच्याबरोबर गेले.

अमेरिकेतल्या मोंटानाच्या पूर्व टोकाच्या त्या नेमबाजांच्या क्लबात एक रीत होती. सभासद गेला की पानगळीतल्या शेवटच्या सामन्याला त्याच्या मित्राने त्याच्याच रायफलीतून एक काडतूस उडवायचे. दारू आणि गोळी यांच्या मध्ये मृताची चमचाभर राख. गवा वाजला, तर माणूस पोहोचला. गोळी चुकली, तर कुणी काही बोलत नसे. पण त्या घराकडे नंतर बराच काळ कुणाला नीट पाहता येत नसे.

टॉर्गरच्या बायकोने, आल्माने, त्याची राख त्याच्याच तंबाखूच्या चपट्या डबीत घालून आणली होती. डबीला अजून त्या तंबाखूतल्या पुदिन्याचा वास होता.

"चमचाभर आहे. बाकीचा चर्चच्या आवारात पुरलाय," ती म्हणाली होती. "सगळा एकाच बारात जाऊ दे. आणि त्याला मातीत पाडू नकोस, लाइल. तेवढंच कर."

म्हणून तो बर्फ वितळल्यापासून तळघरात बसून काडतुसे भरत होता. स्वतः काडतुसे भरणाऱ्यांचा नियम साधा होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. त्याने दारूचा दाणा बदलला. वजन बदलले. काडतुसात दारू लांब नळकांड्यातून सावकाश ओतून पाहिली, कमी दाबली, जास्त दाबली. शिशात कथील वाढवले, गोळीखालची पुठ्ठ्याची चकती जाड केली. गोळ्या मातीतच जात राहिल्या. अखेर बदलायची राहिलेली अशी एकच गोष्ट उरली.

राखेनेही बार बदलणारच. मग आधी पारखून पाहणे शहाणपणाचेच. हे त्याने स्वतःला इतक्या शांतपणे सांगितले की ते खरे वाटले. सुरीच्या टोकावर मावेल एवढी राख त्याने डबीतून उचलली.

त्या बारानंतरची शांतता टोल्याने फुटली. खोल, लांब, ओळखीचा टोला.

रूबेनने प्रथमच दुर्बिणीवरून डोळा काढला. "काय केलंस रे?"

"पुठ्ठा बदलला," लाइल म्हणाला.

पुढचे काडतूस राखेविना होते. धूळ. त्यापुढचे राखेचे. टोला. पारख तिथे पूर्ण झाली होती. कोणताही सभ्य माणूस तिथे थांबला असता. लाइल थांबला नाही. पुढच्या सामन्याला त्याने पुन्हा सुरीचे टोक डबीत घातले, त्याच्या पुढच्यालाही. लोक टाळ्या वाजवू लागले. आल्मा लोणी-साखर लावलेली लेफ्सं घडी घालून आणायची, टोला पडला की डोळे मिटायची आणि म्हणायची, "अगदी त्याचाच हात." बटाट्याची ती मऊ पोळी लाइलच्या तोंडात फिरत राही.

काळी दारू नळीत काजळी सोडते. ती वाळली की पुढची गोळी भरकटते. म्हणून प्रत्येक बारानंतर मागून फुंकनळी लावून तोंडाची वाफ आत सोडायची. उन्हाळा सरता सरता लाइलच्या ध्यानात आले, की आता फुंकावे लागत नाही. ओठ टेकवले की श्वास आपणहून जाई. सावकाश, न थांबता, जणू दुसऱ्या टोकाला कुणी तो ओढून घेत आहे. तापलेल्या धातूत असा ओढा निर्माण होतो, असे त्याने ठरवले. ओठांवर मागे राहणाऱ्या पुदिन्याच्या वासाविषयी त्याने काहीच ठरवले नाही.

"पूर्वी भात्यासारखा फुंकायचास," रूबेन म्हणाला. "हल्ली नुसता ओठ टेकवून बसतोस. लग्न लागलंय की काय तिच्याशी?"

"दुर्बिणीत बघ."

"बघतोय. पण तू उन्हात बसूनही असा पांढरा का पडतोयस, ते दुर्बिणीत दिसत नाही."

तळघराचा जिना चढताना लाइलला आता मध्येच थांबावे लागे. कमरेचा पट्टा आवळायला त्याने नवे भोक पाडले होते.

आणि डबी रिकामी होत नव्हती. आधी त्याला बरे वाटले. सुरीच्या टोकावर असे येते तरी किती. मग पानगळीच्या सुरुवातीला त्याने झाकण उघडले तेव्हा राख काठावरून अंगठ्यावर सांडली. खालच्या काळपट थरावर दुसरा थर बसला होता. फिकट, ताजा. त्याने बोट पँटला पुसले आणि झाकण घट्ट लावले.

शेवटच्या सामन्याला गवतावर दव गोठले होते. माणसांच्या तोंडून वाफा निघत होत्या, कॉफीच्या पेल्यांतून निघत होत्या. सगळ्यांनी टोप्या काढल्या.

काडतुसात सगळी राख मावली नव्हती. तळाची काळपट तेवढी भरून, वरची फिकट राख उरलेली डबी त्याने कोटाच्या खिशात लपवली होती.

त्याने नेम धरला. बार उडाला.

गवा वाजला. इतका स्वच्छ, की टोपी हातात घेतलेला रूबेन लहान मुलासारखा रडू लागला.

सवयीने लाइलने फुंकनळीला ओठ लावले. नळीने घ्यायचे ते घेतले. या वेळी ती बराच वेळ घेत राहिली.

तो उठला तेव्हा आल्मा समोर उभी होती.

"पोहोचला," ती म्हणाली. "आता डबी दे. रिकामी असली तरी त्याच्या खिशातली आहे."

हरवली म्हणता आले असते. हात आपणहून खिशाकडे गेला.

डबी घेताना वजनाने तिचा तळवा खाली गेला. तिने झाकण काढले. पाहिले. पुन्हा पाहिले.

"मी चमचाभर दिला होता, लाइल." तिचा प्रत्येक शब्द थंडीत पांढरा होऊन हवेत राहत होता. "तो तर आत्ता गेला. मग हे कोण आहे?"

त्याला भीती वाटायला हवी होती. वाटली ती शरम. उत्तर द्यायचे, तर पहिल्या चिमटीपासून द्यावे लागले असते.

'मी' म्हणायला त्याने तोंड उघडले. आल्माच्या तोंडापुढे वाफ होती, मागे उभ्या रूबेनच्या तोंडापुढे वाफ होती. त्याच्या स्वतःच्या तोंडापुढची हवा मात्र निर्मळ होती; तिच्यातून पार लांबचा गवा स्पष्ट दिसत होता.

आल्माच्या ते ध्यानात आले. ती एक पाऊल मागे सरली.

"लाइल?"

त्याने टोपी डोक्यावर ठेवली, रायफल तिच्या पायाशी गवतावर अलगद टेकवली, आणि गाड्यांच्या दिशेने चालू लागला.