आकाशाची कडी

“ताई गं, आज आकाश बंद आहे!”

तीस वर्षांपूर्वीचा तो आवाज... जिन्याच्या वरच्या पायरीवरून आलेला, झोपेनं जड झालेला, आणि तरीही लबाडीनं काठोकाठ भरलेला! धुक्याची सकाळ असली की सहा वर्षांचा तिचा भाऊ गच्चीच्या दारातून डोकावायचा आणि शाळा बुडवायची सबब हाती लागल्याच्या आनंदात ओरडायचा. आणि सतरा वर्षांची ती, लोकांच्या कपड्यांसाठी इस्त्रीत निखारे भरता भरता, मान वर न करता म्हणायची, “बंद आहे? मग जा, तूच कडी काढ!” मग तो चवड्यांवर उभा राहून हात उंच करायचा, धुक्यात चाचपडून न दिसणारी कडी ओढायचा, आणि खालून ती गुणगुणायची...

आकाशा रे आकाशा, काढ तुझी कडी,
माझ्या पाखराला दे रे निळी निळी घडी...

आईवडील एकापाठोपाठ एक गेले, तेव्हापासून त्या पाखराला चोच आणि पंख तिनंच दिले. लाँड्रीत दिवसभर उभी राहून तिनं त्याला शिकवलं; स्वतःच्या लग्नाचा विचार एकदा नीट घडी घालून मनाच्या तळाशी ठेवला, तो पुन्हा उलगडला नाही. पाखरू मोठं झालं, हेलिकॉप्टर उडवू लागलं. जग त्याला ‘कॅप्टन’ म्हणे. ती मात्र ‘पाखरू’च म्हणत राहिली. आणि तोही लग्नानंतर वेगळं घर केल्यावरही रोज सकाळी, कामावर निघण्याआधी, पहिला फोन तिलाच करत राहिला.

आज त्याला जाऊन नऊ दिवस झाले होते. त्या दिवसापासून ताई भावाच्या घरीच राहत होती. आताही ती भावजयीच्या स्वयंपाकघरात उभी होती, आणि तो आवाज काही केल्या कानातून जात नव्हता!

बाहेर भावजय ओल्या फडक्यानं दार घासत होती. सकाळी कुणीतरी दारावर लाल रंगानं एकच शब्द लिहून गेलं होतं... ‘खुनी.’

“राहू दे गं, मी पुसते,” ताई पुढे होत म्हणाली.

“पुसा की! डाग काढण्यात तुमचा हात कोण धरणार?” भावजयीनं फडकं तिच्या हातात जवळजवळ फेकलंच. मग स्वतःच्याच बोलण्यानं ओशाळून ती उंबऱ्याशी बसली. डोळे कोरडे, लालभडक. “लोकांचं काही चुकलेलं नाही, ताई. शब्द बरोबर लिहिलाय. फक्त माणूस चुकलंय.”

ताईचा हात दारावरच थांबला.

“त्या सकाळी मी भांडले त्याच्याशी. कपसुद्धा फोडला. तशाच डोक्यानं गेला तो... चार वाजता ते चौकशीचे साहेब येणार आहेत ना? मी सगळं सांगणार आहे. लिहून घ्या म्हणावं, बायकोनं मारलं.”

“अगं, असं काही बोलू नकोस...”

“का? तुमच्याकडे दुसरं कारण आहे?”

 ताई खाली वाकून दार पुसू लागली. रंग पसरत गेला, फिका झाला, पण गेला नाही.

दुसरं कारण होतं! नऊ दिवस ते तिच्या अंतःकरणात निखाऱ्यासारखं धुमसत होतं.

त्या सकाळी सात वाजता फोन वाजला होता. तिकडून आवाज आला, पस्तिशी ओलांडलेल्या पुरुषाचा, पण तोच लबाड सूर! “ताई गं, आज आकाश बंद आहे.”

तिनं खिडकीबाहेर पाहिलंसुद्धा नाही. मशीनमध्ये कपडे भरता भरता ती हसून म्हणाली, “बंद आहे? मग जा, तूच कडी काढ!” वर ते गाणंही म्हणून दाखवलं, दोन्ही ओळी. तो हसला, आणि फोन ठेवला.

एवढंच. सवयीनं बोललेले चार शब्द!

दुपारी बाराच्या सुमाराला लाँड्रीतल्या टीव्हीवर बातमी झळकली, आणि मशीनची घरघर सोडली तर दुकानातले सगळे आवाज बंद पडले. ज्याला अख्खा देश ‘बिजली’ म्हणून ओळखत होता तो धावपटू, मुलांसाठी बांधलेल्या नव्या मैदानाच्या उद्घाटनाला निघालेला, डोंगरात हेलिकॉप्टर कोसळून गेला होता. मालक मटकन स्टुलावर बसले. कपडे न्यायला आलेले शाळेतले कवायतीचे मास्तर लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले. ताईही रडली. का नाही रडणार? तोही कुणाचा तरी भाऊच होता! टीव्हीवाले सांगत होते, हेलिकॉप्टर त्याचं स्वतःचं, वैमानिक त्याचा स्वतःचा. पाखरू तर कंपनीची हेलिकॉप्टरं चालवायचा, आणि प्रवासी कोण हे घरी सांगायची त्याला मुभा नव्हती. त्यामुळे तिच्या मनात पालसुद्धा चुकचुकली नाही. डोळे पुसता पुसता सगळ्यांच्या देखत ती तळतळून बोलली, “मेल्या त्या वैमानिकाचे डोळे फुटले होते का! धुकं दिसत नव्हतं त्याला?”

अर्ध्या तासानं कंपनीचा फोन आला. हेलिकॉप्टर कंपनीचंच होतं.

पुढचे दिवस कसे गेले, तिचं तिला ठाऊक! सारं शहर पिवळं झालं, कारण बिजली पिवळा बनियन घालून धावायचा. पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांनी पिवळे शर्ट घेतले, आणि शोकसभेला इस्त्री करून हवेत म्हणून लाँड्रीत ढीग आणून टाकले. तिसऱ्या दिवशी ती कामावर गेली. घरात बसून जीव गुदमरत होता. मालकांनी तिला आतल्या खोलीत बसवलं, म्हणजे गिऱ्हाइकांचं बोलणं कानावर पडायला नको. पण पडद्याला कुठे कान झाकता येतात?

“त्या पायलटला ना, मेल्यावरसुद्धा फाशी द्यायला हवी,” कुणीतरी म्हणालं.

“मास्तरांना विचारा, शिस्त नाही हल्ली कुणाला!”

मास्तर पैसे ठेवून घाईनं बाहेर पडले. त्यांनी त्या दिवशी तिचं बोलणं ऐकलं होतं, आणि नंतरचा तो फोनही.

ती एकेक पिवळा शर्ट वाफेखाली सपाट करत राहिली. वर्तमानपत्रांनी बिजलीसाठी आठ पानं दिली होती. पाखरासाठी एकच शब्द होता... ‘वैमानिक’. आणि समोरच्या खुंटीवर त्याचा पांढरा शर्ट टांगलेला होता, खांद्यावर चार पट्ट्यांचा, कॉलरच्या आत तिच्या हातच्या निळ्या दोऱ्याची खूण. आता तो न्यायला कुणी येणार नव्हतं.

एका संध्याकाळी तो शर्ट पिशवीत घालून ती शहरातल्या, बिजलीच्या सरावाच्या मैदानाकडे गेली. तिथल्या लांबच लांब जाळीवर लोकांनी आपापले बूट बांधले होते. फाटके, नवे, शाळेचे, कामाचे, हजारो बूट वाऱ्यावर हलत होते... जणू एक अख्खी न दिसणारी गर्दी जाळीच्या कडेनं धावत होती! जाळीच्या एका कोपऱ्यात हा शर्टही अडकवावा, म्हणजे जगाला कळेल की त्या हेलिकॉप्टरमध्ये आणखी एक काळीज होतं, असं तिला वाटत होतं. शेजारी एक म्हातारी नातवाचा बूट बांधत होती. गाठ बसेना, म्हणून ताईनं बांधून दिली.

“तुम्हीपण बिजलीसाठीच आलात ना, बाई?” म्हातारीनं मायेनं विचारलं.

ताईनं पिशवी छातीशी घट्ट धरली. “हो,” ती म्हणाली.

आणि शर्ट परत घेऊन आली. ज्याला जन्मभर ‘माझा’ म्हटलं, त्याला तिनं एका अक्षरात नाकारलं होतं!

तेव्हापासून तिला सारखं वाटत होतं, सांगून टाकावं. पण सांगितलं तर उरणार काय? तीस वर्षं ती एकाच वाक्यावर उभी होती... ‘मी त्याला वाढवलं.’ ते वाक्य पुढे कसं संपतं, हे एकदा बाहेर पडलं की पायाखाली उभं राहायलाही जागा नाही! आणि या घरात तर तिचा फोन म्हणजे सवतीसारखा होता. ‘उठल्या उठल्या पहिला शब्द तिच्याशी! मी कोण, भाडेकरू?’ असं भावजय म्हणायची, हे तिला पाखरानंच हसत हसत सांगितलं होतं.

चारला पाच मिनिटं असताना साहेब आले. केस पिकलेला, हळू बोलणारा माणूस. दारावरची लाल छटा त्यांनी पाहिली, आणि पाहिलं नाही असं दाखवलं. ताईनं चहा आणला. भावजय समोर ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर, शाळेत शिक्षा घ्यायला बसवलेल्या मुलीसारखी.

“घाई नाही,” साहेब म्हणाले. “जेवढं आठवेल तेवढंच सांगा. उडायचं की नाही, याचा शेवटचा शब्द वैमानिकाचा असतो. म्हणून आम्हाला एवढंच समजून घ्यायचंय, त्या सकाळी त्यांच्या मनावर काही दडपण होतं का? कंपनीचं, प्रवाशाचं, घरातलं... उडण्यासाठी कुणाचा आग्रह?”

भावजय पुढे सरकली. “घरातलं होतं. लिहून घ्या. मी त्या सकाळी...”

साहेबांचं पेन कागदाला टेकलं.

“तिचं नाही!”

हातातला ट्रे खाली ठेवायचंही भान ताईला राहिलं नव्हतं. 

“तिचं काही लिहू नका, साहेब. आग्रह माझा होता. सात वाजता त्यानं मला फोन केला. म्हणाला, ‘ताई गं, आज आकाश बंद आहे.’ लहानपणी शाळा बुडवायला म्हणायचा तसं... मला वाटलं, चेष्टा करतोय. मी म्हणाले, ‘मग जा, तूच कडी काढ.’ लहानपणी हे ऐकलं की तो चवड्यांवर उभा राहून, हात वर करून, खोटीखोटी कडी ओढायचा... मी खिडकीबाहेर बघितलंसुद्धा नाही हो! तो भीत असेल, विचारत असेल, आणि मी गाणं म्हटलं! मग दुपारी त्याच तोंडानं शिव्याही मीच घातल्या, अख्ख्या दुकानासमोर, डोळे फुटले होते का म्हणून...”  ती भावजयीकडे वळली. “नऊ दिवस तुला जळताना बघत होते गं, आणि गप्प बसले. त्याच्यासाठी काही करायचं शिल्लक नव्हतं, पण तुझ्यासाठी होतं... तेवढंही केलं नाही मी!”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. “बाई,” ते म्हणाले, “फोनची नोंद आमच्याकडे आहे. पण त्यानंतर त्यांनी जवळजवळ दोन तास वाट पाहिली. निघाले तेव्हा इथलं आकाश मोकळं होतं. पुढे डोंगरात काय झालं, ते अजून आम्हालाही ठाऊक नाही.”

त्या सांगण्यानं तिच्या छातीवरचा दगड तसूभरही हलला नाही. ती भावजयीच्या चेहऱ्याकडेच बघत होती. आता ती उठेल, दाराकडे बोट दाखवेल... दाखवावंच! तेवढी शिक्षा तरी मिळावी!

भावजय उठली. तिनं ताईच्या हातातला ट्रे काढून घेतला आणि टेबलावर ठेवला. मग काचेच्या दारापलीकडच्या बाल्कनीकडे ती कितीतरी वेळ बघत राहिली.

“हात वर करून?” तिनं अगदी हळू विचारलं. “चवड्यांवर उभं राहून?”

ताईला काही समजेना. तिनं नुसती मान हलवली.

“मी आत होते. कपाचे तुकडे गोळा करत होते. तो तिथे उभा राहून तुमच्याशी बोलत होता. फोन ठेवला... आणि एवढा मोठा बाप्या माणूस चवड्यांवर उभा राहिला, हात वर केला, आणि काहीतरी ओढल्यासारखं केलं.” तिच्या कोरड्या डोळ्यांतून नऊ दिवसांत पहिल्यांदा पाणी आलं, गालांवरून थेट खाली, तिनं ते पुसलंही नाही. “मला वाटलं, मला वेडावून दाखवतोय. मी पाठ फिरवली. जाताना ‘येतो’ म्हणाला, तर ‘ये’सुद्धा म्हणाले नाही.”

“पोरी...”

“थांबा, मला बोलू द्या. एक गोष्ट मी तुम्हालाही सांगितली नाही. साहेबांनाही सांगणार नव्हते. तुम्ही रोज रात्री उशीत तोंड खुपसून रडत होतात, मला ऐकू यायचं, आणि तरी मी ती माझ्यापाशी दाबून ठेवली. कारण ती माझी नव्हती, तुमची होती, आणि तुम्हाला काही म्हणता काही द्यायचं नव्हतं मला...”

तिनं ताईचे दोन्ही हात धरले. सोड्यानं आणि वाफेनं खरखरीत झालेले ते हात तिनं आयुष्यात पहिल्यांदाच धरले होते.

“तो हसत होता, ताई. हात वर केला ना, तेव्हा... अगदी लहान मुलासारखा हसत होता.”