सोमवारची पेशी

“भूप्या, मन्ही सायकल धर ना रे!” शाळेच्या उतारावरचा तो आवाज भूपेशच्या कानात अजून तसाच होता, शेंगेतल्या कोवळ्या दाण्यासारखा.

आज तोच आवाज पपईच्या ओळींपलीकडून आला... पण त्याच्यासाठी नाही.

ठिबकची नळी साफ करता करता त्याने मान वर केली. शेजारच्या गिरधरभाऊंची लेक, चेतना! पुण्याच्या प्रयोगशाळेतून चार दिवसांसाठी आलेली. फोनला रेंज मिळते म्हणून बांधावर उभी, ओढणी वाऱ्यावर, नि हसू असं...

“हो भाग्येश, सोमवारी पेशी... आपण दोघंच! घरी? छे, त्यांना काय समजणार!”

नळी हातातून सुटली. पाण्याची चिळकांडी थेट भूपेशच्या छातीवर.

एका बांधासाठी त्याच्या बापाने अकरा वर्षं शहाद्याला पेश्या केल्या होत्या. पेशी म्हणजे कोर्टाची तारीख, त्याला दुसरा अर्थच ठाऊक नव्हता. दोघंच कोर्टात? घरच्यांना न सांगता? म्हणजे...

तो तसाच ओलाचिंब बांधावर चढला. “साक्षीदार लागतस म्हनं. मी यीसू का?”

“कसाले?”

“तुन्हा लगीनले! त्या भाग्येशसंगे पेशी शे ना सोमवारले?”

चेतना हसत हसत बांधावरच बसली. “येडा! शरीरनी पेशी रे... कॅन्सरनी!”

मग तिने समजावलं. गाठीला वाढायला रक्त हवं. औषधाने नव्या रक्तवाहिन्या रोखल्या, तरी काही गाठींतल्या पेशी हार मानत नाहीत. ऑक्सिजन आटला की आतून निरोप सुटतात, नि त्या स्वतःच ओळीने उभ्या राहून नळी होतात. खऱ्या रक्तवाहिनीच्या पेशी एका प्रथिनाने एकमेकींचे हात धरतात; ह्या लबाड तेच प्रथिन अंगावर मिरवतात, नि त्यांच्यातून रक्त वाहू लागतं. तो निरोप कुठे तोडायचा, हेच ती तीन वर्षं शोधत होती.

“दिसाले कसा शे?”

“कॅन्सर?”

“भाग्येश!”

“...गोरा. उंच.”

“एकच मायक्रोस्कोपमा देखतस तुम्ही?”

“पाळीपाळीनं.”

पाळीपाळीनं! तिच्या डोळ्याची ऊब त्या काचेवर राहत असेल, नि लगेच तो मेला तिथे डोळा लावत असेल... भूपेशला त्या काचेचाही राग आला.

“जळस का रे?” तिने हळूच विचारलं.

“मी? मन्ह काय... फिल्टर धुवानं शे मले.” तो वळला.

“भूपेश.” भूप्या नाही, भूपेश! “त्यानं लगीन हुई गयं. पोरगी बी शे त्याले. मी मुद्दाम सांगं नही. रविवारले मी चालनी जासू... आते तरी बोल.”

तो थांबला. ओल्या शर्टाला हात पुसत तो तिच्याकडे फिरला.

“मन्हा तुन्हावर जीव शे, चेतना. तू पुन्याले गई ना... त्या दिन हाईच सांगाले स्टँडवर उनथू. बस हालनी... नि ऱ्हाई गयं.”