बंद चॅनलवरची टिचकी

"ताई, मी टिचकी मारतो. पडद्यावर दिसली का सांगा. तुमी सांगल्याबिगर मी जाग्यावरनं हलनार नाय."

देवजीदादांचा हा आवाज मी वॉकी-टॉकीवर रोज ऐकायचे.

पुढे लिहिलंय ते सगळं माझ्यासमोर घडलंय. ऐकीव काही नाही.

आमच्या घरात भूतखेत मानत नाहीत. रोज सकाळी वंदना करून पंचशील घेतल्याशिवाय मी कोपरखैरण्याच्या घरातून बाहेर पडत नाही. त्यात खोटं न बोलण्याचंही शील आहे. म्हणून जे दिसलं तेवढंच लिहिते.

रात्र नव्हती. कालची भर दुपार होती. बेलापूरचं आमचं ऑफिस, ट्यूबलाइट चालू, बाहेर चहावाल्याची किटली वाजत होती.

आमचं काम असं... उरणच्या खाडीकाठी चिखलात ओळीने सेन्सर रोवायचे. जमिनीवर वजन आपटायचं. खालच्या खडकावरून परत येणारी थरथर सेन्सर टिपतो. एका सेन्सरचा एक चॅनल. सेन्सर रोवला की देवजीदादा त्याच्यावर बोटाने तीन टिचक्या मारायचे. मी पडद्यावर बघून "दिसली" म्हटलं की ते पुढच्या सेन्सरकडे जायचे.

देवजीदादा सारसोळ्याचे. खाडीत वाढलेला माणूस.

एका संध्याकाळी भरती चढत होती. ओळीतला शेवटचा सेन्सर काढून आणतो म्हणून ते गेले...

आलेच नाहीत.

पाणी उतरल्यावर होड्या घेऊन त्यांना समुद्राच्या बाजूला शोधलं. सापडले नाहीत. तो सेन्सरही नाही. काही दिवसांनी काम पुन्हा सुरू झालं, ती शेवटची जागा रिकामी ठेवून.

त्यांची बायको सगुणाताई परवा ऑफिसात आली होती. खुर्ची दिली तरी बसली नाही. भाऊबंद म्हणतात, तेरावा उरकून घे. ती मला म्हणाली, "कसा घालू, बाय? उद्या दारात उभा राह्यला तर?" मग जाताना माझा हात धरला. "काय बी कळलं तर फोनवर नको सांगू. घरी ये."

मी येईन म्हणाले.

काल मी त्याच ओळीच्या, काम पुन्हा सुरू झाल्यानंतरच्या नोंदीवर गेन लावत होते. थरथर जितक्या खोलवरून येते तितकी क्षीण होते. ती खोलीच्या हिशेबाने वाढवून घ्यायची, यालाच गेन म्हणतात. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एका ओळीची कमांड टाइप करायची, एंटर मारायचं. गेन म्हणजे नुसता गुणाकार.

चित्र उघडलं.

शेवटच्या चॅनलवर... तीन ठिपके.

तिथे सेन्सरच नव्हता. मी कच्ची फाइल उघडली. त्या चॅनलवर सगळे शून्य. शून्याला कितीही गुणलं तरी शून्यच यायला हवं.

मला वाटलं, कमांड चुकली. पुन्हा टाइप केली.

तीन ठिपके.

गेन कमी केला. बाकी सगळे चॅनल फिके पडले. ठिपके होते तेवढेच राहिले.

माझी चिडचिड व्हायला लागली. प्रोग्राम काही चूक दाखवेना. दुसरी फाइल घेतली, तिसरी घेतली, तेच. वरून आमच्या प्रमुखांचे, रावसाहेब सरांचे, फोनवर फोन. रिपोर्ट संध्याकाळी जायला हवा, तो चॅनल 'बंद, नोंद नाही' असा लिहून मोकळ्या व्हा, असं त्यांचं म्हणणं. नोंद समोर दिसत असताना तसं कसं लिहू?

शेजारच्या टेबलावरचा हितेश हसला. "मॅडम, पौर्णिमेचा उपोसथ धरलाय ना? दोन घास खा. शून्य परत शून्य दिसेल."

मी म्हटलं, तू चालवून बघ.

त्याने स्वतःच्या मशिनवर चालवलं. बराच वेळ बघत राहिला. मग ती नोंद आवाजात बदलून हेडफोन कानाला लावला...

हेडफोन काढून त्याने माझ्यापुढे ठेवला.

मी ऐकलं. आधी खर्रखर्र. मग...

टक. टक. टक.

मग काही नाही. खर्रखर्रही थांबली. समोरचा माणूस उत्तरासाठी थांबतो ना, तशी शांतता.

पुन्हा... टक. टक. टक.

माझ्या तोंडून हळूच निघालं, "दिसली, देवजीदादा."

हितेशने माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा कमांड चालवली.

चॅनल कोरा. एक सरळ रेघ.

आधी बनवलेली चित्रं उघडली. त्यांतही रेघच. हितेशच्या मशिनवरही. तीच कमांड, त्याच फाइली... काही नाही.

आता मात्र मला रडू यायला लागलं. पोलिसांना काय दाखवू? होडीवाल्यांना काय सांगू, की इकडे शोधा, समुद्राकडे नको, रोवायची शेवटची जागा आहे तिथे? काहीतरी हातात असावं म्हणून दिवेलागणीपर्यंत तीच कमांड चालवत बसले. एंटर, रेघ. एंटर, रेघ. हितेशला विचारलं, तू सांगशील का ऐकलंस ते? तो म्हणाला, "मॅडम, माझी नोकरी नवीन आहे."

रावसाहेब सर येऊन पडद्याकडे बघून गेले. आहे की बंद, म्हणाले. रिपोर्ट त्यांनीच पाठवला.

ते काय होतं, मला कळत नाही. रात्रभर डोळा लागला नाही. मला भीती टिचक्यांची वाटत नाही. मी बोलले आणि त्या थांबल्या, त्याची वाटते. मी चुकून त्यांना जायला तर सांगितलं नाही ना?

आज सुट्टी. वंदना झाली. माझे मिस्टर, अभय, त्यांना रात्रीच सगळं सांगितलं होतं. मघाशी त्यांनी विचारलं, "हातात काहीच नाही. काय सांगणार सगुणाताईला?"

"जागा सांगेन," मी म्हटलं.

त्यांनी गाडीची चावी पुढे केली. मी नको म्हटलं. पाण्याची बाटली पिशवीत टाकली, गॅस बंद आहे ना बघितलं आणि सारसोळ्याला जायला दार ओढून घेतलं.