पावलाचं माप

तनुजाला पाळण्यात घातलं ते साल दोन हजार तेवीस. दसरा नुकताच झाला होता. अंगणात मांडव, आत पाहुण्या बायका, आणि नेमकं त्याच दिवशी बोअरनं राम म्हटला. आधी गढूळ पाणी आलं, मग नुसता वारा. आजोबा संगप्पानं अहमदपूरहून टँकर मागवला, बारसं पार पडलं, बाळाचं नाव कानात सांगून झालं. पण सुनेच्या डोक्यातून बोअरचं ते कोरडं खसखसणं काही गेलं नाही.

सून म्हणजे ऋतुजा. शेतीची पदवी घेतलेली, बोलायला फटकळ, हाताला चलाख. नवरा शिवशंकर विष्णुपुरीच्या कॉलेजात नोकरीला. तो शनिवारी यायचा, सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचा. घर शेतातलंच, अहमदपूरपासून जरा आत. मागं काळी रिकामी जमीन, पुढं एक कडुलिंब. बारशाचा मांडव निघाला तशी ऋतुजा सासऱ्यासमोर कागद घेऊन बसली.

"अप्पा, स्लॅबवर पॅनेल बसवायचे. दिवे, पंप सगळं त्यावर. स्लॅबचं पाणी पाइपानं खाली आणायचं, वाळू-कोळशातून गाळायचं, हौदात साठवायचं. आणि मागं छोटं पॉलिहाऊस. भाजी आपली, रोपं आपली. वरून पडतंय ते ऊन असो का पाणी, वाया घालवायचं न्हाई."

"आणि पाऊसच न्हाई पडला तर?"

"तर ऊन तर पडंल!"

संगप्पा हसला. जन्मभर त्यानं वीज मंडळात वायरमनकी केली होती. खांबावर चढून चढून त्याचं मत साधं झालं होतं: तार नाही तिथं करंट नाही. भूत, भानामती, उतारे, सगळं त्यानं खांबाखाली ठेवलं होतं. त्याला ही आखणी आवडली. तो दिवसभर स्लॅबवर जाऊन बसायचा आणि कडुलिंबाची सावली कुठवर येते ते बघून विटेनं खुणा करायचा.

"बाळ रडलं तर हलत न्हाईत," त्याची बायको पार्वतीबाई खालून म्हणायची. "सावलीमागं मात्र पळून राहिले."

दिवाळी झाल्यावर मलप्पा गवंडी आला. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, चुन्याची फक्की टाकून हौद आखला, गाळणीचा खड्डा आखला, पॉलिहाऊसच्या चार बाजू आखल्या. काळ्या मातीवर पांढऱ्या रेघा अशा उठून दिसायला लागल्या की पार्वतीबाई म्हणाली, "बांधण्याआधीच छान दिसतंय. राहू द्या असंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मलप्पा कुदळ घेऊन आला आणि पॉलिहाऊसच्या जागेत उभा राहिला.

"अप्पा, ह्यो चौकोन कशाचा?"

पॉलिहाऊसच्या चौकटीत, एका कोपऱ्याला धरून, आणखी एक लांबट चौकोन होता. रेघ बारीक, एकसारखी, दोरी न लावताही सरळ. संगप्पाला वाटलं सुनेनं शोषखड्डा वाढवला. ऋतुजाला वाटलं सासऱ्यानं. दोघांनी एकमेकांना विचारलं, तर रेघ दोघांचीही नव्हती.

मलप्पा वाकून बघत होता. चौकोनाच्या एका बाजूला फक्कीचाच चिमुकला त्रिकोण काढलेला होता. त्यानं कुदळ हळूच खाली ठेवली.

"हे बांधकामाचं माप न्हाई, अप्पा," तो म्हणाला. "तुमाला ठावं हाय."

संगप्पाला ठाऊक होतं. त्यांच्या लिंगायत भावकीत मयताला जाळत नाहीत, बसवून माती देतात, बहुतेक आपल्याच शेतात. त्रिकोण म्हणजे मयत बसवायचा कोनाडा. आणि त्या खड्ड्याला फूट-इंच चालत नाहीत. ज्याचा खड्डा, त्याच्याच पावलानं मोजतात. टाचेला अंगठा लावत नऊ पावलं लांब, पाच पावलं रुंद. हे ऋतुजालाही माहीत असेल, पण तिनं तसं दाखवलं नाही. ती बाळाकडं निघून गेली.

"कोणी तरी टवाळकी केली," संगप्पा म्हणाला. त्यानं बादलीभर पाणी ओतलं, खराट्यानं रेघ मोडली. टँकरचं पाणी असं ओतताना त्याचा जीव हळहळला, हेही खरं.

दुसऱ्या सकाळी चौकोन होता तिथंच होता.

मग नोव्हेंबर सरता सरता अवकाळी पाऊस आला. अर्धा दिवस असा कोसळला की हौदाच्या रेघा गेल्या, गाळणीच्या गेल्या, पॉलिहाऊसची तर खूणही उरली नाही. पाऊस उघडल्यावर संगप्पा छत्री मिटवून मागं गेला. सगळीकडं चिखल, आणि चिखलावर तो एकटा चौकोन. कोरडा. रेघेवर बोट ठेवलं तर बोटाला कोरडी फक्की लागली.

त्या दिवसापासून संगप्पाला एका जागी बसवेना. जेवताना उठायचा, मागं जाऊन यायचा. पेपर उघडायचा, मिटायचा. मनाला विचारायचा, तार कुठाय? आणि विचारता विचारता चपला काढून चौकोनाच्या कडेला उभा राहायचा.

एकदा कोणी नाही असं बघून त्यानं टाचेला अंगठा लावत पावलं टाकली. नऊ झाली तरी रेघ पुढं उरली. आपलं नाही. त्याला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच त्या सुटण्याची लाज वाटली. कारण आपलं नाही, तर कोणाचं?

पार्वतीबाईची चप्पल घेऊन तो गुडघ्यावर बसला आणि रेघेवर चप्पल पुढं पुढं मांडत गेला. फारच कमी पडली. ऋतुजाची, तीही कमी. मलप्पाची वहाण त्यानं तो भाकरी खात असताना उचलली. तीही नाही.

"म्हातारपणी चपला चोरून राहिले का?" पार्वतीबाई दारातून म्हणाली. ती हसत होती, पण नजर रेघेवर होती.

"शिवल्या का बघून राहिलो," तो म्हणाला.

शनिवारी शिवशंकर आला. आंघोळ करून न्हाणीतून ओल्या पायांनी बाहेर पडला, शहाबादी फरशीवरून आत गेला. मागं ओलं पाऊल राहिलं, टाचेपासून अंगठ्यापर्यंत स्वच्छ. संगप्पानं खिशातली सुतळी काढून त्यावर धरली, लांबीला गाठ मारली. पाऊल हळूहळू वाळून गेलं. त्याच पावली तो मागं गेला आणि सुतळी रेघेवर मांडत गेला.

नवव्यांदा गाठ बरोबर कोपऱ्यावर पडली.

आडवी मांडली. पाचव्यांदा बरोबर कोपऱ्यावर.

आतून शिवशंकरचा आवाज येत होता, तनुजाला काही तरी खोटंखोटं रागावत होता आणि ती हुंकार देत होती.

जेवताना संगप्पा म्हणाला, "स्लॅबवर तू चढायचं न्हाई. पॅनेल बसवायला माणसं लावू."

"अप्पा, मी इलेक्ट्रिकलचा माणूस. माझ्याच घरचे पॅनेल दुसऱ्यानं बसवायचे?"

"न्हाई म्हणलं ना."

"कारण काय पण?"

"कारण मी बाप हाय."

"मग हे सगळं बंदच करा," शिवशंकर ताटावरून उठला. "करायचं तर मनमोकळं करा, न्हाई तर टँकर पीत बसा."

ऋतुजानं बाळाला खांद्यावर टाकलं आणि सासऱ्याकडं एकदाच बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. तिला चौकोन आठवत होता, एवढंच.

डिसेंबरात लातूरहून माणसं आली. त्यांनी पॅनेल बसवले, पाइप जोडले. हौद बांधून झाला. पॉलिहाऊस मात्र राहिलं. मलप्पा त्या जागेत खड्डा घ्यायला तयार नव्हता आणि संगप्पा त्याला आग्रह करत नव्हता. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या भुशाची, पोती येऊन पडली होती, ती भिंतीशी रचून ठेवली. शिवशंकर शनिवारी येत राहिला, बापाशी कामापुरतं बोलत राहिला. त्याची एसटी यायला उशीर झाला की संगप्पा फाट्यापर्यंत चालत जायचा आणि तो उतरताना दिसला की झाडाआड होऊन दुसऱ्या वाटेनं परत यायचा.

असं किती दिवस चालणार? एका संध्याकाळी, दिवेलागणीआधी, पार्वतीबाई गोठ्यात असताना, त्यानं फक्कीचं घमेलं उचललं. खराट्यानं जुना चौकोन मोडला. या वेळी रेघ अलगद निघाली, वाट बघत असल्यासारखी. मग त्यानं चपला काढल्या आणि आपल्या पावलानं मोजलं. नऊ लांब. पाच रुंद. कडेला त्रिकोण काढला. मोठ्यानं काहीच बोलला नाही. असल्या गोष्टी बोलायची त्याला सवय नव्हती. नुसते हात झटकले आणि घरात येऊन पोटभर जेवला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा झोपही लागली.

सकाळी जाऊन बघतो तर चौकोन लहान झालेला.

त्याचं पाऊल टाकलं तर आठव्यालाच रेघ ओलांडत होतं. शिवशंकरची गाठ मारलेली सुतळी तर फारच मोठी. तो घरात गेला, उंबऱ्यापाशी पडलेली बायकोची चप्पल उचलून आणली आणि गुडघ्यावर बसला.

नवव्यांदा चप्पल बरोबर कोपऱ्यावर बसली.

पार्वतीबाई चहा घेऊन मागं आली. कप त्याच्यापुढं ठेवला. तिच्या जोडव्यांच्या फटीत पांढरी फक्की बसलेली होती.

"हे तू केलंस?"

"चहा निवंल."

"पार्वती, हे तू केलंस?"

"सुतळीला गाठ मारून सदऱ्याच्या खिशात ठेवता," ती म्हणाली. "सदरा धुवायला माझ्याकडंच येतो ना. सगळ्यांच्या पायाला लावून बघितली मी. कोणाची हाय कळायला किती येळ लागतो?"

"मी केलं होतं की माझ्या पावलानं. ते मोडलंस कशाला?"

"तुमचं पाऊल मोठं. जागा उगंच जास्ती जाईल," पार्वतीबाई पदरानं कपाळ पुसत म्हणाली. "ऋतुजाच्या टमाट्याला कमी पडंल."

ती हसली. मग आत गेली, भाकरी थापायला.

संगप्पानं खराटा घेतला. रेघ मोडेना. पाणी ओतलं, मोडेना. कुदळीनं ढेकूळ उलटवलं तर ढेकळाखालीही रेघ तशीच होती, तेवढीच बारीक. त्यानं आणखी उकरलं नाही.

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आली. त्या दिवशी आपल्याकडं गावात कोणी राहत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप, खोपटासारखी, उभी केली, पांडव पुजले, आंबिलीचं मडकं मांडलं, भज्जी आणि उंड्यांचा वास सुटला. शेजारपाजारचे जेवायला आले. शिवशंकर सुट्टी घेऊन आदल्या संध्याकाळीच आला होता. बापलेकांचा अबोला त्या दिवशी सुटला. तनुजाला मधे धरून दोघं बोलत होते. संगप्पा पाहुण्यांना आंबील वाढायला उठला.

दुपारी वारा सुटला. पॉलिहाऊससाठी आणलेलं शेडनेटचं हिरवं कापड गुंडाळीतून सुटून उडालं आणि जाऊन पॅनेलवर अडकलं.

संगप्पाची पाठ होती.

"आलोच," शिवशंकर म्हणाला.

ऋतुजानं हाक मारली तेव्हा तो स्लॅबच्या कडेला वाकलेला होता. कापड एकदम सुटलं. त्याचा हात मोकळाच राहिला.

आवाज झाला तो पोत्यावर पडल्याचा.

सगळे धावले. कोकोपीटची पोती फुटून सगळीकडं तपकिरी भुसा उडाला होता. भुशातून शिवशंकर उठून बसला, खोकला, केस झटकले.

"काही न्हाई झालं, अप्पा! खरंच, काही न्हाई. खरचटलं बी न्हाई."

तो हसत होता. ऋतुजा रडत होती. पाहुणे एकदम बोलत होते.

संगप्पानं मुलाकडं बघितलं नाही. तो वळला.

कोपीच्या मेढीला टेकून पार्वतीबाई बसली होती. हातात आंबिलीचा पेला, काठोकाठ. एक थेंब सांडला नव्हता. डोळे उघडे, स्लॅबकडं लागलेले. चेहऱ्यावर भीती नव्हती. काही तरी पोचलेलं बघून माणूस जसा निवांत होतो, तशी ती होती.

डॉक्टर म्हणाले, हृदय. वयही झालं होतं.

खड्डा कुठं घ्यायचा असं भावकीनं विचारलं. संगप्पानं मागं हात केला. कुणी तरी मापासाठी पाऊल घ्यायला निघालं, त्याला मलप्पानंच थांबवलं. चार जणांनी आळीपाळीनं खणलं. कमरेइतकं झालं, छातीइतकं झालं. शेवटी मलप्पा खड्ड्यात उभा राहून वर बघायला लागला. त्याच्या चारी बाजूंना, काळ्या मातीच्या भिंतींवरून खाली गेलेली, बोटाएवढी पांढरी रेघ होती.

"अप्पा," तो म्हणाला, "फक्की अजून खाली हाय."

"बस कर," संगप्पा म्हणाला. "वर ये."

पार्वतीबाई, संगप्पाची बायको, शिवशंकरची आई, अकरा जानेवारी दोन हजार चोवीसला, येळवशीच्या दिवशी, दुपारी वारली.